सीताबर्डीपर्यंत सात गाठी

१६ मे, गुरुवार

ही वही मेट्रोच्या प्रशिक्षणात भेटली. प्रवाशांचे प्रश्न लिहून ठेवा म्हणाले होते. समोरून प्रश्न लिहिते, मागून हे लिहून राहिली. मॅडमनं मागची पानं पाहिली तर माझं काही खरं नाही, पण बोलू कोणाजवळ? माझा नवरा नागसेन दिवसभर ई-रिक्षा चालवून येते नि ताटावरच पेंगते. श्वेता नऊ वर्षांची, तिले आईच्या नोकरीतलं फक्त जाकीट आवडते.

ऑटोमोटिव्ह चौक म्हणजे मेट्रोचं शेवटचं टोक. कामठी, कन्हान, खापा, सगळीकडच्या जीपा इथं माणसं उतरवून देतात नि ती माणसं मान वर करून पाहत राहतात, हे काय बांधून ठेवलं बाप्पा म्हणून. मग मी धावते. गळ्यात कार्ड, तोंड सुरू. कोणाले कुठं जायचं ते त्यानं अर्धं सांगितलं की बाकीचं मीच सांगते. सरकत्या जिन्यासमोर अडलेल्या बायांचे हात धरून दिवसातून चाळीस वेळा वर जाते.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी माझी युक्ती आहे. बाईच्या पदराले, बुवाच्या दुपट्ट्याले गाठी बांधून देते. जेवढी स्टेशनं तेवढ्या गाठी. दार उघडलं की एक सोडा, गाठी संपल्या की उतरा. सीताबर्डीपर्यंत सात: नारी रोड, इंदोरा, कडबी चौक, गड्डीगोदाम, कस्तुरचंद पार्क, झिरो माईल, सीताबर्डी. दोन आठवड्यांत एक माणूस हरवला नाही माझा. गार्ड लोक मले गाठवाली म्हणतात. म्हणा!

आज मात्र चारुलता मॅडमनं झापलं. त्या आमच्या सुपरवायझर. "दीपमाला, प्रवाशांच्या कपड्यांना हात लावायचा नाही. बोर्ड दाखवा, अनाउन्समेंट ऐकायला सांगा." आता जिले अक्षर ओळखू येत नाही तिले बोर्ड दाखवून काय करू? पण हाव मॅडम म्हटलं. ३१ तारखेले माझी ट्रायल संपते. पक्की झाली तर इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीत असं कार्ड गळ्यात घालणारी मीच पहिली बाई.

२० मे, सोमवार

पारा चव्वेचाळीस. डोकं भणाणून गेलं.

सकाळी साडेदहाले खाप्याकडची एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, काखेत पिशवी. नाव पंचफुला. नवरा रुपराव रामदासपेठेतल्या दवाखान्यात, पोरगा गोपाळ सीताबर्डीले घ्यायला उभा राहणार. एवढं सांगायले तिनं पाच मिनिटं घेतली. मागं लग्नाचं वऱ्हाड उभं, बारा माणसं, एकाले तिकिटाचं यंत्र समजत नव्हतं. मॅडम आतमध्ये मीटिंगमध्ये होत्या, म्हटलं उरकून टाकू.

पदर हातात घेतला तर त्याले आधीच एक गाठ! म्हटलं, "मावशी, ही राहिली तर गिनती चुकल, एक स्टेशन पुढं जाल." नि सोडून टाकली. लय घट्ट होती, दात लावा लागले. आत काय, तर एक सुपारी नि चार पिवळे तांदूळ. तांदूळ खाली सांडले. सुपारी तिच्या तळहातावर ठेवली नि म्हटलं, "दात आहेत काय हो मावशी चावायले?" ती हसली नाही. तोंड उघडलं, मिटलं. गाववाली माणसं एवढी मोठी इमारत पाहून अशीच मुकी होतात. सात गाठी बांधल्या, डब्यात बसवलं, नि वऱ्हाडाकडं पळाली. इथून गाडी सुटायले दोन-चार मिनिटं असतात, तोवर थांबायची सोय नाही.

गाडी गेल्यावर फलाटावरच्या बाकाखाली चपला दिसल्या. जुन्या, अंगठ्याजवळ लाल दोऱ्यानं शिवलेल्या. तिच्याच. मले हसूच आलं. चकचकीत फरशी पाहून देवळात शिरल्यासारख्या चपला काढून ठेवतात लोक, हा माझा चौथा जोड. सफाईवाली मिनल झाडून घेत होती, तिनं ते तांदूळही उचलले. चपला मी कपाटात ठेवल्या. परत येईल तेव्हा देईन. एवढ्या उन्हात अनवाणी कशी चालल म्हातारी?

२१ मे, मंगळवार

काय करून बसली मी.

अकरा वाजता एक माणूस आला, पस्तीस-चाळिशीचा, दाढी वाढलेली. मोबाईलवर फोटो. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. म्हणे, "ताई, ही माही माय. काल खाप्यावरून जीपमध्ये बसली, तेवढं गावात सगळ्यायनं पाह्यलं. सीताबर्डीले मी सांजवरी उभा होतो. आलीच नाही. इथं पाह्यली काय?"

चारुलता मॅडम दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. कालच त्यांनी सगळ्यांना पुन्हा बजावलं होतं, कपड्यांना हात नाही. तोंडातून निघालं, "नाही भाऊ. अशी कोणी दिसली नाही."

मॅडम म्हणाल्या, "दीपमालाच्या नजरेतून माणूस सुटत नाही. तिनं पाहिलं नाही म्हणजे त्या इथं आल्याच नाहीत. मधेच कुठं उतरल्या असतील, जीपवाल्यांना विचारा." कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहायले निघाल्या होत्या त्या, माझ्या शब्दावर थांबल्या. गोपाळनं हात जोडले नि जिना उतरून गेला. सरकता नाही, साधा.

जेवण गेलं नाही. डबा तसाच परत आणला. श्वेता म्हणे, आई, भांडली काय कोणासंग? मी तिच्यावरच ओरडली.

बसल्या बसल्या सारखी गिनती करून राहिली. सात बांधल्या की सहा? वऱ्हाडातला बुवा मधेच कायतरी विचारत होता तेव्हा मी चौथी बांधत होती की पाचवी? सहाच बांधल्या असतील. म्हणजे ती झिरो माईलले उतरली. हाव, तिथंच कुठं बसली असल. उद्या मी शोधून आणते. आणली की मग सगळं सांगून टाकीन, तेव्हा कोणी रागावणार नाही.

२२ मे, बुधवार

दुपारी दोनले सुटली नि झिरो माईल गाठलं. गार्डले विचारलं, चहावाल्याले विचारलं, झाडाखाली झोपलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या तोंडावरचा पदर बाजूले करून पाहिला. एकीनं शिवी दिली. मग म्हटलं पाचच गाठी झाल्या असतील, म्हणून कस्तुरचंद पार्क. मग गड्डीगोदाम. प्रत्येक ठिकाणी उतरते, खाली जाते, वर येते. डांबर चपलीतून भाजत होतं. कुठंच नाही.

सहा वाजता रामदासपेठेत गेली. कुठला दवाखाना ते माहीत नव्हतं. तीन पालथे घातले, चौथ्यात गोपाळ दिसला, वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात. मी खांबामागं उभी. डॉक्टरनं त्याले सांगितलं, हृदयाचं ऑपरेशन आहे, उशीर करून चालणार नाही, वडिलांना समजावा. गोपाळ म्हणे, "साहेब, थे ऐकतच नाही. पंचफुला आल्याबिगर चाकू लावू देत नाही म्हणते. तिले पाहीन मंग न्या म्हणते. तिकडं कालपासून सारं खापा, सावनेर पालथं घातलं. घरी कुलूप आहे."

दार उघडं होतं. आत रुपराव. वाळका, रेतीवर राहणाऱ्या माणसासारखा काळा रापलेला. कोणी व्हरांड्यातून गेलं की मान वळवून पाहे. मी गेली तेव्हाही पाहिलं. मी बाई आहे एवढंच त्याले दिसलं असल, उठायले गेला. मग पुन्हा डोकं टेकलं.

मी पळून आली. गोपाळ चार पावलांवर होता नि मी पळून आली. लिहून ठेवते, म्हणजे पुढं कधी स्वतःले चांगलं म्हणायची हिंमत व्हायची नाही.

२३ मे, गुरुवार

आज बुद्धपौर्णिमा. सुट्टी मागितली होती, मिळाली. पांढरी साडी नेसून आम्ही तिघं विहारात गेलो. भंते शील सांगत होते, सगळे मागून म्हणत होते. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. चौथं आलं. मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. लहानपणापासून म्हणून राहिली, झोपेत म्हणू शकते. आज आवाजच फुटला नाही. बाजूले श्वेता मोठ्यानं म्हणत होती नि माझ्या तोंडाकडं पाहत होती.

तिथूनच उठली. नागसेन मागं आला, काय झालं वं, काय झालं वं. त्याले रस्त्यातच सगळं सांगितलं. त्यानं रिक्षा काढली नि मले रामदासपेठेत घेऊन गेला.

गोपाळ जमिनीवर बसला होता, भिंतीले टेकून. मी त्याच्या समोर बसली. म्हटलं, "भाऊ, मी मेट्रोतली. मंगळवारी तुमच्याशी खोटं बोलली. तुमची आई आली होती. मीच गाडीत बसवलं. माझ्या गाठी चुकल्या. सातच्या जागी सहा बांधल्या असतील, झिरो माईलले उतरली असल, मी सगळीकडं पाहिलं..."

"कायच्या गाठी?"

सांगितलं. एका दमात, माझ्या सवयीनं. स्टेशनं, पदर, गिनती, आधीची एक गाठ होती ती सोडून...

त्यानं माझं मनगट धरलं. "कोणती होती? आत काय होतं?"

"सुपारी. चार तांदूळ, हळदीतले."

मग म्हणे, "ताई, थे गाठ मायनं नदीवरच्या देवीपुढं बांधली होती. आमची डांगराची, टरबुजाची वाडी आहे तेथी, रेतीत, जांभळीखाली. बाबाले गाडीत घातलं त्या दिवशी बांधली. बाबा आपल्या पायानं घरी येईपर्यंत सोडाची नाही. मधात सुटली तं जेथी बांधली तेथीच जाऊन पुन्हा बांधा लागते. अनवाणी चालत जाऊन."

"चपला," मी म्हटलं. दुसरं काही सुचेना. "चपला माझ्या कपाटात आहेत."

ती गाडीत बसलीच नव्हती. मी पाठ फिरवली नि ती उतरली. चपला सोडल्या नि आल्या वाटेनं खाप्याकडं चालू लागली, चव्वेचाळीसच्या उन्हात, पस्तीस किलोमीटर. नि मी झिरो माईलवर म्हाताऱ्यांचे पदर उचलून पाहून राहिली होती.

गोपाळ म्हणे, "मंगळवारी सांगतलं असतं तं." पुढं बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानं गावातल्या नत्थूभाऊले फोन लावला, नदीवर जाऊन पाहा म्हणून. घर पाहिलं, बसस्टँड पाहिलं, नातेवाईक पाहिले, पण डांगराचा हंगाम सरला म्हणून नदीवर कोणी गेलंच नव्हतं. पाऊण तासानं फोन आला. आहे. जिवंत आहे. पाय लय सुजले, उठवत नाही, नि फोन कानाले लावला तर घाबरते. पण आहे.

मी तिथंच रडली. गोपाळही रडला. आत जाऊन बापाले सांगतो म्हणून उठला तोच आतून नर्स धावत आली. रुपराव बेशुद्ध झाला होता. गोपाळनं कागदावर सही केली, नि त्याले आत घेऊन गेले. बायको भेटली हे त्याले कळलं की नाही, आम्हाले माहीत नाही.

मले म्हणे, "ताई, मी बाबाले सोडून जाऊ शकत नाही. तुम्ही जा. उद्या सकाळी मायले घेऊन या."

रिक्षात नागसेन म्हणे, "दीपे, गाठीनं कोणी जगत नाही नि सुटल्यानं कोणी मरत नाही. आपण तरी तसं मानू नये."

मी म्हटलं, "मले माहीत आहे. पण ती त्याच्या उशाशी असती. त्यानं सोमवारीच ऑपरेशन करून घेतलं असतं."

त्यानं रिक्षा घराकडं वळवली.

२५ मे, शनिवार

काल लिहू शकली नाही. आज लिहिते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

शुक्रवारी सकाळी सहाले स्टेशनवर जाऊन कपाटातल्या चपला काढल्या. चारुलता मॅडम आल्याच होत्या. त्यांना सगळं सांगितलं, कार्ड टेबलावर ठेवलं. त्या म्हणाल्या, "आधी त्यांना घेऊन ये. मग बोलू." नागसेननं मित्राची ओमनी आणली होती.

नत्थूभाऊ खाप्याच्या वेशीवर उभा होता. तिथून नदी. रेतीत डांगराचे वेल वाळून पडलेले. जांभळीखाली शेंदूर लावलेला दगड, नि त्याच्या बाजूले पंचफुलामावशी. पायांना ओली चिंधी गुंडाळलेली. तळव्यांकडं मले पाहवलं नाही. तिनं मले पाहिल्याबरोबर ओळखलं. मले वाटलं आता शिव्या देईल. देऊ दे, मी तेवढ्यासाठीच आली.

म्हणे, "आली काय वं बाई. बस. पाणी पी."

मी तिच्यासमोर हात जोडले. म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. मी न विचारता गाठ सोडली."

"तुले काय ठाव? म्या सांगतलंच नाही. सांगाले गेली, पण तू इतकी भरभर बोलून राहिली होती, मले जागाच नाही भेटली." मग पदर पुढं केला. टोकाले एक गाठ, नवी, हळदीनं पिवळी. "बुधवारी सांजले पोचली. तेच सुपारी बांधली पुन्हा. आता पक्की आहे. आता बरा होते थो. मंग पायच उचलेना वं, म्हटलं जरा सूज उतरू दे, जातो." मी चपला काढून दिल्या. तिनं बाजूले सारल्या. "थो घरी येईपर्यंत नाही घालाच्या. तुयापाशीच ठेव."

ऑपरेशनचं सांगितलं. म्हटलं, काल झालं, तुमची वाट पाहत होते. ती लाजली. खरंच लाजली, त्या वयात. म्हणे, "लय हट्टी आहे. जेवतही नाही मी वाढल्याबिगर."

नागसेननं नि नत्थूभाऊनं तिले उचलून गाडीत बसवलं. ऑटोमोटिव्ह चौकात आलो तर खाली ट्रॅफिक तुंबलेला. मी म्हटलं मेट्रोनं नेते, वीस मिनिटांत पोचू. मॅडमनं स्वतः चाकाची खुर्ची ढकलत लिफ्टपर्यंत आणली. माझं कार्ड त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. गाडीत मी मावशीजवळ बसली. गाठी बांधल्या नाहीत. म्हटलं, मावशी, या वेळेस मी संग आहे, मी मोजते.

नारी रोड. इंदोरा, आमचं घर दाखवलं तिले वरून, विहाराचा कळस दाखवला. ती काचेले नाक लावून पाहत होती. म्हणे, रुपरावले आणीन यातून, त्याले लय मजा वाटल. कडबी चौकाले दार बंद होत होतं तेव्हा माझा फोन वाजला.

गोपाळ होता. "ताई, बाबा गेले. आत्ताच. मायले सांगू नका. आणा फक्त."

मी फोन पर्समध्ये ठेवला. गड्डीगोदाम आलं. मी बाहेर पाहत राहिली. कस्तुरचंद पार्क आलं. सगळ्या जगाले रस्ता सांगणारी मी, एक शब्द सापडत नव्हता.

मावशी म्हणे, "बोलून नाही राहिली वं? त्या दिवशी तं तोंड थांबत नव्हतं तुयं."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं माहीत नाही. झिरो माईलचं दार उघडलं नि बंद झालं. मग तिनं पदराचं टोक उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"सोड."

"मावशी..."

"तूच सोड बाई. तुले येते. माया हातानं नाही सुटाची."

नखांनी सुटेना. तिनं लय घट्ट बांधली होती. शेवटी दात लावले. हळदीची चव अजून तोंडात आहे. सुपारी निसटून खाली पडली नि समोरच्या सीटखाली गेली. कॉलेजातल्या एका पोरीनं वाकून उचलली नि मावशीच्या हातावर ठेवली. मावशीनं मूठ मिटली. रडली नाही. पाय पुढं केले.

"त्या चपला दे आता."

मी खाली बसली. पाय इतके सुजले होते की अंगठा आत जाईना. जोर लावला तर लाल दोरा तुटला. दुसऱ्या पायाले कशीबशी अर्धी सरकवली, टाच बाहेरच राहिली. ती म्हणे, राहू दे, चालते एवढी.

सीताबर्डी आलं. दार उघडलं, नि ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरली.